एका संगणकात अनेक बिऱ्हाडे

शाळेच्या संगणकखोलीत दहा संगणक आहेत आणि सर्वांवर विंडोज ही कार्यप्रणाली आहे, असे समजा. शिक्षकांना मुलांना लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली शिकवायची आहे. मुलांनी ती स्वतः बसवावी, तिच्यात फेरफार करावेत, प्रसंगी ती बिघडवून पुन्हा दुरुस्त करावी, अशी त्यांची इच्छा आहे. पण याच संगणकांवर शाळेचे निकाल आणि दाखलेही तयार होतात. मग काय करावे?

डिस्क पुसून लिनक्स बसवली, तर आधीची माहिती जाईल. डिस्कचे दोन भाग पाडून दोन्ही प्रणाली ठेवता येतात. परंतु मग एका वेळी एकच चालते, आणि भाग पाडताना चूक झाली तर सगळेच गमावण्याची भीती असते. तिसरा मार्ग असा, की संगणकाच्या आतच एक दुसरा संगणक उभा करायचा. त्याला स्वतःचे यंत्र नसते. असतो तो केवळ आभास. म्हणून त्याला आभासी संगणक किंवा व्हर्च्युअल मशीन म्हणतात. तो उभा करणारी सॉफ्टवेअरे अनेक आहेत. त्यांतून योग्य ते निवडायचे, तर आधी हा आभास निर्माण कसा होतो, ते पाहिले पाहिजे.

मालक एकच

कार्यप्रणाली ही संगणकाची कारभारीण होय. स्मृतीचा कोणता भाग कोणाला द्यायचा, डिस्कवर काय लिहायचे, कळफलकाकडून आलेली खूण कोणाकडे पोचवायची, हे सारे तीच ठरवते. तिला संपूर्ण यंत्राची मालकी हवी असते. साहजिकच, दोन कार्यप्रणाली एकाच यंत्रावर एकाच वेळी सुखाने नांदू शकत नाहीत.

एखाद्या जुन्या वाड्याची कल्पना करा. वाड्यात चार बिऱ्हाडे आहेत. प्रत्येक बिऱ्हाडाला आपली खोली, आपला नळ, आपला दिवा आहे. पण गच्चीवरची पाण्याची टाकी एकच, आणि तिची चावी घरमालकाकडे. आभासी संगणकाच्या सॉफ्टवेअरचे काम या घरमालकाचे आहे. त्याला हायपरवायझर असे नाव आहे. मूळ यंत्राला यजमान आणि आत चालणाऱ्या प्रणालीला पाहुणी म्हणण्याचा प्रघात आहे. पाहुण्या प्रणालीला जी डिस्क दिसते, ती खरे पाहता यजमानाच्या डिस्कवरची एक मोठी फाइल असते.

बेरीज, तुलना, स्मृतीतून अंक उचलणे अशा साध्या आज्ञा पाहुणी प्रणाली थेट प्रोसेसरकडून करून घेते. म्हणूनच वेग फारसा कमी होत नाही. पण यंत्राच्या मालकीला हात घालणारी आज्ञा आली, की प्रोसेसर थांबतो आणि हायपरवायझरला बोलावतो. हायपरवायझर ती आज्ञा आपल्या पद्धतीने पार पाडतो आणि पाहुणीला पुढे जाऊ देतो. मध्ये कोणी होते, याची पाहुणीला सहसा गरजही भासत नाही.

कल्पना जुनीच

ही युक्ती आजची नाही. अमेरिकेतील केंब्रिज या गावी आयबीएम कंपनीच्या केंद्रात १९६० नंतरच्या दशकात सीपी-४० ही प्रणाली तयार झाली. त्या काळी संगणक अतिशय महाग असे. एका यंत्रावर प्रत्येक वापरणाऱ्याला स्वतंत्र संगणक मिळाल्याचा अनुभव द्यावा, हा तिचा हेतू होता. १९७२ साली याच परंपरेतील व्हीएम/३७० ही प्रणाली कंपनीने जाहीर केली. १९७४ साली पोपेक आणि गोल्डबर्ग या शास्त्रज्ञांनी चांगल्या आभासी संगणकाच्या तीन कसोट्या मांडल्या. पाहुणी प्रणाली खऱ्या यंत्रावर वागते तशीच वागली पाहिजे. साधनांवरचा ताबा हायपरवायझरकडेच राहिला पाहिजे. आणि बहुतेक आज्ञा थेट प्रोसेसरवर चालल्या पाहिजेत.

घरोघरच्या संगणकांतील एक्स-८६ जातीचे प्रोसेसर या कसोट्यांना उतरत नव्हते. त्यांच्या काही आज्ञा पाहुणीने दिल्या, तर त्या पुऱ्या पाळल्या जात नसत आणि घरमालकाला वर्दीही जात नसे. व्हीएमवेअर कंपनीने १९९९ साली यावर तोड काढली. अशा आज्ञा चालण्याआधीच हेरून बदलायच्या, ही ती तोड. पुढे २००५ साली इंटेलने आणि २००६ साली एएमडीने प्रोसेसरमध्येच ही सोय केली. आजची बहुतेक सॉफ्टवेअरे याच सोयीवर अवलंबून आहेत.

आधी यंत्र मोजा, मग सॉफ्टवेअर निवडा

'सर्वांत चांगले सॉफ्टवेअर कोणते?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. पुढील प्रश्न क्रमाने विचारले, तर उत्तर आपोआप जवळ येते.

१. प्रोसेसर कोणत्या जातीचा? पाहुणी प्रणाली त्याच जातीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेली असली, तरच आज्ञा थेट चालतात. अ‍ॅपलने २०२० पासून आपल्या संगणकांत एआरएम जातीचे प्रोसेसर घालण्यास सुरुवात केली. त्यांवर एक्स-८६ साठीची प्रणाली चालवायची, तर प्रत्येक आज्ञेचे भाषांतर करणारा दुभाषा लागतो. क्यूएमयू हे सॉफ्टवेअर असा दुभाषा होऊ शकते. काम होते, पण सावकाश.

२. स्मृती किती? टाकीतले पाणी वाटल्याने वाढत नाही. संगणकाची रॅम ८ गिगाबाइट असेल, तर २ गिगाबाइटच्या दोन पाहुण्यांनंतर यजमानाला ४ उरते. तिसरी पाहुणी आणली, की २ उरते आणि मग सर्वांचाच खोळंबा होतो. विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट रॅम लागते. म्हणून ४ गिगाबाइटच्या संगणकावर तिला पाहुणी म्हणून बोलावणे व्यर्थ होय. तेथे हलकी लिनक्स बरी.

३. यजमान प्रणाली कोणती? विंडोजच्या प्रो आणि एज्युकेशन आवृत्त्यांत हायपर-व्ही अंगभूत असते. होम आवृत्तीत नसते. लिनक्सच्या गाभ्यात २००७ पासून केव्हीएम आहे. व्हर्च्युअलबॉक्स विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालते. म्हणून ज्या वर्गात निरनिराळे संगणक आहेत, तेथे ते सोयीचे पडते. सर्वांना एकच कृती शिकवता येते.

४. परवाना कसा? व्हर्च्युअलबॉक्सचा मुख्य भाग मुक्त सॉफ्टवेअर आहे. जोडपुरवणीच्या अटी वेगळ्या आहेत. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून सर्वांना विनामूल्य झाले. पण हायपरवायझर फुकट मिळाला म्हणून पाहुणी प्रणाली फुकट होत नाही. विंडोज पाहुणी असेल, तर तिचा परवाना निराळा लागतो.

५. काम कोणते? आज्ञा शिकणे, प्रोग्रॅम लिहिणे, जुनी प्रणाली पाहणे यांस आभासी संगणक उत्तम. जोरकस चित्रे लागणाऱ्या खेळांसाठी मात्र तो बहुधा निराशा करतो.

निवड झाली आणि तरीही यंत्र चालेना, तर विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्स या पानावर व्हर्च्युअलायझेशनपुढे 'डिसेबल्ड' असे लिहिले असेल, तर प्रोसेसरमधील सोय बंद आहे. ती संगणक सुरू होतानाच्या बायोस मांडणीतून शिक्षकांच्या मदतीने चालू करावी.

भिंत आहे, पण दारेही आहेत

पाहुणीत केलेला गोंधळ सहसा तिच्यापुरताच राहतो. पण यजमान व पाहुणी यांच्यात सामाईक फोल्डर ठेवला, तर त्या वाटेने दूषित फाइल इकडची तिकडे जाऊ शकते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाहुणीची एका क्षणाची संपूर्ण अवस्था साठवता येते. तिला स्नॅपशॉट म्हणतात. परंतु तो त्याच डिस्कवर असतो. डिस्कच बंद पडली, तर तोही जातो. महत्त्वाच्या माहितीची प्रत निराळ्या जागीच ठेवली पाहिजे.

करून पाहा

आभासी संगणकात एखादी हलकी लिनक्स बसवा आणि तिचा स्नॅपशॉट घ्या. सामाईक फोल्डर बंद असल्याची खात्री करून आता पाहुणीतील काही प्रणाली-फाइली पुसून टाका. ती सुरू होते का? झाली, तर काय बिघडले? नंतर स्नॅपशॉटवर परत या आणि किती वेळ लागला, ते वहीत टिपा. मग रॅम अर्धी करून तोच प्रयोग पुन्हा करा. शेवटी एक प्रश्न: पाहुण्या प्रणालीतच आणखी एक हायपरवायझर बसवला, तर तिसरी प्रणाली चालेल काय? वरच्या तीन कसोट्या लावून आधी उत्तराचा अंदाज करा, मग यंत्राला विचारा.