खटारा नंबर वन!

रविवारी सोमाटणे फाट्यावरून शिरगावला वळा. प्रति शिरडीच्या पार्किंगमध्ये चकाचक गाड्यांचं प्रदर्शनच भरलेलं असतं. दर्शन झालं की पुढे लोणावळा, आणि एक्स्प्रेस वेला लागलं की प्रत्येक जण शूमाकर! बॉस, तिथे शंभरची मर्यादा आहे. स्पीडची एवढीच खुमखुमी असेल तर शनिवारी रात्री मस्त एक जुना रेसिंगपट लावा.

धमाल रेसिंगपट म्हटलं की अमेरिकन स्टॉक कार आठवते. स्टॉक कार म्हणजे मुळात शोरूममधली साधी गाडी, तीच थेट ट्रॅकवर. १९६८ च्या ‘स्पीडवे’मध्ये एल्विस प्रेस्ली असाच ड्रायव्हर होता. मॅनेजरने पैशांची वाट लावलेली, त्यात इन्कम टॅक्सवाली नॅन्सी सिनात्रा मागे लागलेली. ठीकठाक टाइमपास.

पण आपल्याकडे त्याच्या दहा वर्षं आधीच, १९५८ मध्ये, ‘चलती का नाम गाडी’ आला होता. इथेही वसुलीच, फक्त उलटी! पावसात भिजलेली मधुबाला रात्री गॅरेजमध्ये येते, गाडी दुरुस्त करून घेते आणि पैसे न देताच निघून जाते. पाच रुपये बारा आणे. (नये पैसे १९५७ लाच आले होते, पण हिशेब मात्र आण्यातच!) ते वसूल करता करता मेकॅनिक किशोरकुमारचं काय होतं, हे सांगायला नकोच. आणि शर्यत? तीसुद्धा आहे. तिथे या भावांचा खटारा चक्क जिंकतो. जगातल्या तमाम सेकंडहँड गाडीवाल्यांनी टाळ्या वाजवाव्यात असा सीन.

पडद्यावरचे तिघे भाऊ खरेखुरे सख्खे: अशोककुमार, अनुपकुमार, किशोरकुमार. थोरल्या आणि धाकट्यात तब्बल अठरा वर्षांचं अंतर. दादामुनींचा दरारा आणि किशोरचा वाह्यातपणा इतका अस्सल का वाटतो, ते यावरून कळतं.

मधुबालाच्या हृदयाला मात्र जन्मतःच छिद्र होतं. १९६० मध्ये किशोरने तिच्याशी लग्न केलं. २३ फेब्रुवारी १९६९ रोजी ती गेली, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी. किशोर गेला १३ ऑक्टोबर १९८७ रोजी, नेमका दादामुनींच्या वाढदिवशी. दादामुनींनी त्यानंतर वाढदिवस साजरा केला नाही.

त्यामुळे तिघे भाऊ त्या खटाऱ्यात दाटीवाटीने बसून गातात ना, ते गाणं प्लीज फॉरवर्ड करू नका.