मैदान गरम, रस्ता गार!

इंग्लंडमध्ये बर्फ पडला की फुटबॉलच्या मॅचेस का रद्द होतात? याचं उत्तर मैदानापेक्षा बसस्टॉपवर लवकर सापडतं.

शनिवारची रात्र, साडेआठची वेळ. पिझ्झा आलाय, सोफ्यावरच्या जागा पकडून झाल्यात आणि टीव्हीवरचा अँकर सांगतो, आजची मॅच होणार नाही! कारण काय, तर थंडी. मग ग्रुपमधला एखादा हमखास म्हणतो, ‘‘एवढे करोडोंचे प्लेअर आणि यांना थोडा बर्फ चालत नाही?’’ इंग्लिश फुटबॉलचं वेड असलेल्या प्रत्येक ग्रुपमध्ये डिसेंबर-जानेवारीत हा डायलॉग एकदा तरी होतोच.

पण दोस्तहो, गंमत अशी आहे की बड्या क्लबांचं मैदान अनेकदा एकदम फिट असतं. गवत हिरवंगार, खालून गरम. घोडं अडतं ते बाहेर. फुटपाथवर, स्टेशनवर, स्टेडियमकडे जाणाऱ्या उतारावर.

मॅच नाही, तरी रिझल्ट!

आधी थोडा फ्लॅशबॅक. १९६२-६३ चा हिवाळा ब्रिटनमध्ये ‘बिग फ्रीझ’ म्हणून ओळखला जातो. एफए कपची तिसरी फेरी ५ जानेवारी १९६३ ला सुरू झाली आणि संपली ११ मार्चला! ३२ लढतींच्या या एका फेरीत मॅचेस तब्बल २६१ वेळा पुढे ढकलाव्या लागल्या. हॅलिफॅक्स टाउन या क्लबने तर डोकं लावलं. गोठलेल्या मैदानावर लोकांना स्केटिंग करू दिलं आणि त्याचे पैसे घेतले.

सगळ्यात भन्नाट किस्सा ‘पूल्स’चा. मॅचेसच्या निकालांवर कूपन भरून पैसे लावायचा हा खेळ घराघरांत चालायचा. मॅचेसच होईनात, तर कूपनचं करायचं काय? मग टॉम फिनी, टॉमी लॉटन अशा माजी खेळाडूंचं एक पॅनल बसवलं गेलं. मॅच झाली असती तर कोण जिंकलं असतं, हे या मंडळींनी बंद खोलीत बसून ठरवायचं. न झालेल्या मॅचचा अधिकृत निकाल!

जमिनीखालचा गीझर

गोठलेलं मैदान हा खरोखरच धोका असतो. जमीन दगडासारखी टणक झाली की बुटांचे स्टड रुतत नाहीत. वळायला गेलेला प्लेअर थेट घसरतो. गुडघा, घोटा, काहीही जाऊ शकतं. त्यात इंग्लंडचा हिवाळी सूर्य म्हणजे नावापुरता. डिसेंबरमध्ये मँचेस्टरला तो दुपारी चारच्या आत मावळतो आणि दिवसभर इतका खाली असतो की स्टँडच्या सावलीतल्या पट्ट्याला ऊन लागतच नाही. बाकी सगळं मैदान मऊ आणि गोलसमोरचा एकच तुकडा कडक, एवढंही मॅच रद्द व्हायला पुरतं.

यावर एव्हर्टन क्लबने १९५८ मध्ये उपाय काढला. गुडिसन पार्कच्या गवताखाली चक्क विजेच्या तारा टाकल्या. बर्फ वितळला, पण त्या पाण्याला जायला वाट पुरेना. शेवटी मैदान उकरून ड्रेनेज नव्याने करावं लागलं. आता तारांऐवजी गरम पाण्याचे पाइप असतात आणि प्रीमियर लीगमध्ये ही सोय सक्तीची आहे. ती नसली की काय होतं, हे ब्लॅकपूलला विचारा. हा क्लब २०१० मध्ये प्रीमियर लीगमध्ये आला, तेव्हा त्यांच्याकडे हा ‘गीझर’ नव्हता. त्या डिसेंबरात मँचेस्टर युनायटेड त्यांच्या घरी खेळायला येणार होती, पण मैदान गोठलं आणि मॅच पुढे गेली.

मग अडतं कुठे?

१० जानेवारी २०१० ला अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूल विरुद्ध टॉटनहॅम ही मॅच होती. ती रद्द झाली. कारण होतं स्टेडियमच्या आसपासचे निसरडे रस्ते आणि फुटपाथ. हजारो माणसं एकाच वेळी, त्यातही मॅचनंतर अंधारात, बर्फावरून चालणार म्हणजे हातपाय मोडणार. त्यात ‘ब्लॅक आइस’ हा प्रकार भयंकर. रस्त्यावर बर्फाचा पातळ, पारदर्शक थर असतो. दिसतो फक्त ओला डांबरी रस्ता, पाऊल टाकल्यावर कळतं!

म्हणूनच मैदान खेळण्याजोगं आहे का, हे रेफ्री बघतो, पण लोक सुखरूप येऊन परत जातील का, हे क्लब, पोलिस आणि स्थानिक प्रशासन मिळून बघतात. ५ जानेवारी २०२५ ला लिव्हरपूल-मँचेस्टर युनायटेड मॅचच्या दिवशीही बर्फ पडला होता. सकाळी बैठक झाली, रस्ते तपासले गेले, मग हिरवा कंदील मिळाला. मॅच २-२ अशी सुटली.

मुंबईकरांना हे वेगळं समजावायला नको. वानखेडेवर पाऊस थांबला की सुपर सॉपर फिरवून मैदान सुकवता येतं. हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यावर तो काय करणार?

‘चुकीचा’ बर्फ

थंडीने तिथल्या ट्रेन्सचीही वाट लागते. लंडनच्या दक्षिणेकडच्या अनेक मार्गांवर आपल्यासारखी ओव्हरहेड वायर नाही. रुळांशेजारी तिसरा रूळ असतो, त्यातून करंट मिळतो. त्यावर बर्फ जमला की संपर्क तुटतो आणि गाडी जागच्या जागी. फेब्रुवारी १९९१ मध्ये तर भुरभुरीत बर्फ गाड्यांच्या मोटर्समध्येच शिरला. हा वेगळ्या प्रकारचा बर्फ आहे, असं रेल्वेकडून सांगण्यात आलं आणि ‘चुकीच्या प्रकारचा बर्फ’ हा तिथे कायमचा जोक होऊन बसला!

२ फेब्रुवारी २००९ ला लंडनमधल्या बसेस बंद ठेवाव्या लागल्या. १८ डिसेंबर २०१० ला बर्फामुळे हीथ्रो ठप्प झालं, हजारो प्रवासी विमानतळावरच अडकले, आणि दुसऱ्या दिवशीची चेल्सी-मँचेस्टर युनायटेड मॅचही गेली. रस्त्यांवर खडेमीठ टाकणाऱ्या गाड्या रात्रभर फिरतात, पण आधी मोठे रस्ते. गल्ल्या आणि फुटपाथ शेवटी. आणि प्रेक्षक चालतो तो तिथूनच.

छोट्या क्लबचं दुखणं

२०२३ च्या जानेवारीत मी मँचेस्टरजवळ मावसभावाकडे राहत होते. दादा आयटीवाला, पण फुटबॉलच्या बाबतीत पक्का लोकल झालेला. त्याने खालच्या डिव्हिजनच्या एका क्लबची तिकिटं काढली होती. दोन ट्रेन बदलून जायचं. पहिली उशिरा आली आणि दुसरीची वाट बघत असताना मेसेज आला, मैदान गोठलंय, मॅच रद्द. प्लॅटफॉर्मवर स्कार्फ गुंडाळलेली वीसेक माणसं होती. कोणी चिडलं नाही. एकाने थर्मास काढला आणि सगळे परतीच्या गाडीचा बोर्ड बघू लागले.

दादा म्हणाला, ‘‘आपलं काय, घरी जाऊन टीव्ही लावू. या क्लबचं बघ ना.’’ ते खरंच होतं. मोठ्या क्लबला टीव्हीचे पैसे मिळतात, छोटा क्लब तिकीट, चहा आणि पाय यांच्या विक्रीवर जगतो. रद्द झालेली मॅच पुढे एखाद्या मंगळवारी रात्री होते, तेव्हा निम्मे लोक येतच नाहीत. प्लेअरचा पगार सुरू असतो, पण गेटवर आणि स्टॉलवर उभं राहणाऱ्या अनेकांना मॅचनुसारच पैसे मिळतात. त्यांची मॅच खरी बुडते. बर्फाच्या दिवशी लॅपटॉप उघडून ‘वर्क फ्रॉम होम’ करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे चटकन लक्षात येत नाही.

रद्द करा, पण वेळेवर!

हवामान कोणाच्या हातात नाही. निर्णयाची वेळ मात्र असते. २८ नोव्हेंबर २०२१ ला बर्नली-टॉटनहॅम मॅच सुरू व्हायला तासही उरला नव्हता, तेव्हा ती रद्द झाली. टॉटनहॅमची एक फॅन जोडी त्यासाठी थेट अमेरिकेतल्या डलासहून आली होती! उलट, ७ डिसेंबर २०२४ ला दाराघ वादळामुळे एव्हर्टन-लिव्हरपूल डर्बी सकाळीच पुढे ढकलली गेली. गुडिसन पार्कवरची ती शेवटची लीग डर्बी ठरणार होती, त्यामुळे सगळे हळहळले. पण निदान लांबून येणारे बरेच जण घरातून निघण्याआधी थांबू शकले. शेवटी १२ फेब्रुवारी २०२५ ला ती मॅच झाली आणि एव्हर्टनने अगदी अखेरच्या क्षणी २-२ अशी बरोबरी साधली. थांबलेल्यांचे पैसे वसूल!

मला वाटतं, मॅच रद्द होणं हा फॅनचा अपमान नाही. तो अर्ध्या वाटेत असताना रद्द होणं, हा आहे.

ऑनसाइटवाल्यांसाठी खास

- निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा बघा. पिवळा म्हणजे सावध, अंबर म्हणजे प्लॅन बदलायची तयारी ठेवा, लाल म्हणजे घरीच बसा.
- सकाळी क्लबची घोषणा तपासा. मैदानाची पाहणी कधी आहे, हे बहुधा आधी कळवतात.
- मॅचचं तिकीट सहसा नव्या तारखेला चालतं. ट्रेनचं स्वस्त अ‍ॅडव्हान्स तिकीट मात्र त्याच गाडीचं असतं. मॅच रद्द झाली आणि ट्रेन धावली, तर ते पैसे बुडाले समजा.
- गुळगुळीत तळाचे ऑफिस शूज घरी ठेवा. थर्मास मात्र नक्की घ्या. प्लॅटफॉर्मवर ओळखी त्यानेच होतात!