कल्ल्यांनी श्वास घेणारी अळी

परभणी जिल्ह्यातल्या वालूरच्या गावकऱ्यांनी श्रमदान करून जुनी चक्राकार बारव मोकळी केली आणि तिच्या पायऱ्यांचे फोटो राज्यभर पोहोचले. असं जुनं पाणी मोकळं झालं की त्यात हळूहळू शेवाळ येतं, पाणवनस्पती येतात, मागोमाग त्यांच्यावर जगणारे कीटक येतात. पाण्यातच वाढणाऱ्या अशाच एका भन्नाट कीटकाची ओळख यानिमित्ताने करून घ्यायलाच हवी.

पतंग आणि फुलपाखरांच्या दीड लाखाहून अधिक जाती आहेत. त्यांच्यापैकी पाण्यात वाढणाऱ्या अळ्या जेमतेम काहीशे जातींच्या. आपल्याकडचा त्यातला ओळखीचा पतंग कोकणातल्या भातखाचरांत भेटतो. शेतकरी त्याच्या अळीला ‘सुरळीतील अळी’ म्हणतात. शास्त्रीय नाव पॅरापॉयनिक्स स्टॅग्नॅलिस.

मादी पाण्याला टेकलेल्या पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळी बाहेर पडते, पानाचं टोक कातरते, रेशमाने त्याची सुरळी विणते आणि त्या होडीत बसून खाचरभर तरंगते. शरीराच्या दोन्ही बाजूंना तिला धाग्यांसारखे कल्ले असतात. भाताच्या पानावर चढतानाही ती सुरळीत पाणी घेऊन जाते, म्हणजे कल्ले ओले राहतात! वाढ पूर्ण झाली की सुरळी पाण्याच्या वर, बुंध्याला चिकटवून ती आतच कोष करते. आठवडाभराने जेमतेम दीड सेंटिमीटर पंखविस्ताराचा पांढरा पतंग हवेत उडतो.

युरोपातल्या अशाच पाणपतंगाच्या अळीची घरबांधणी अठराव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ रेओमूरने बारकाईने टिपली. पाठ्यपुस्तकात तो फक्त तापमानाच्या मोजपट्टीपुरता उरला. माझ्या लेखी तळ्याकाठी बसून अळी पाहणारा रेओमूर मोठा.

कारण अशा निरीक्षणातूनच उपाय सापडतो. कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या अळीला पाणी लागतंच. म्हणून पिकावरून दोर ओढून सुरळ्या पाण्यात पाडायच्या आणि खाचर दोन-तीन दिवस कोरडं करायचं, ही शिफारस. शिवाय रोप जोमदार असेल तर कातरलेली पानं बहुधा पुन्हा फुटतात. गोगलगायी अंडी खातात, कोळी आणि चतुर पतंग टिपतात. तरीही सुरळ्या दिसताच फवारणीचा पंप पाठीवर चढतो आणि त्या विषाने पहिले मरतात ते हेच राखणदार. अळी श्वास कसा घेते एवढं ज्याला कळलं, त्याचं अर्धं काम पाण्याचा बांध फोडूनच होतं.