तलावातील मरळ आणि संथ गळाची मासेमारी

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलावांची जी मोठी संपत्ती आहे, तिचा उपयोग धानाच्या सिंचनाबरोबरच मत्स्योत्पादनासाठीही होत आलेला आहे. या तलावांत दर पावसाळ्यात रोहू, कटला व मृगळ यांची बोटुकली सोडण्याची पद्धत आता सर्वपरिचित झाली आहे. परंतु सोडलेल्या बोटुकल्यांपैकी किती मासे पुढे जाळ्यात येतील, हे केवळ त्यांच्या संख्येवर अवलंबून नसते. तलावात आधीपासून कोण मुक्काम करून आहे, याचाही विचार करावा लागतो. असा जुना मुक्कामकरी म्हणजे मरळ होय.

मरळ ओळखण्यास कठीण नाही. सापासारखे चपटे डोके, काळपट पाठ, अंगावर तिरपे पट्टे आणि पाठीवर डोक्यामागून शेपटीजवळपर्यंत गेलेला एकच लांब पर, ही तिची लक्षणे होत. लहान मासे, कोळंबी, बेडूक व पाण्यातील किडे हे तिचे भक्ष्य असून प्रसंगी ती आपल्याच जातीची लहान पिले खाण्यासही कचरत नाही. ती भक्ष्याचा पाठलाग करीत तलावभर हिंडत नाही. पाणवनस्पतींच्या आडोशाला, बुडालेल्या झुडपापाशी किंवा लव्हाळ्याच्या कडेला निश्चल पडून राहते आणि भक्ष्य टप्प्यात येताच झडप घालते. नव्याने सोडलेली, पाण्याशी अद्याप सरावलेली नसलेली बोटुकली काठच्या उथळ पाण्यात घोळक्याने फिरतात, आणि मरळीची जागाही नेमकी तीच असते. संस्थेने कर्ज काढून आणलेले मत्स्यबीज अशा रीतीने नाहीसे झाले, म्हणजे दोष बहुधा बियाण्याला दिला जातो.

यावर उपाय म्हणून तलावातून ओढजाळे फिरविले जाते, पण मरळ त्यात क्वचितच सापडते. जाळे जवळ आले की ती गाळात शिरते अथवा जाळ्याच्या वरून उडी मारून निघून जाते, आणि जेथे शेवाळ व झुडपे दाट आहेत तेथे जाळे ओढणेच शक्य नसते. दुसरा उपाय मोहाच्या पेंडीचा. लहान संगोपन तळ्यात मत्स्यबीज सोडण्यापूर्वी ही पेंड टाकून सर्व भक्षक मासे काढून टाकणे योग्यच आहे. मात्र त्यासाठी एक हेक्टर क्षेत्र व एक मीटर खोली एवढ्या पाण्यास सुमारे 2,500 किलो पेंड लागते आणि तिचा विषारी परिणाम दोन ते तीन आठवडे टिकतो. शेकडो एकरांच्या, बारमाही पाण्याच्या आणि गावाची गुरे जेथे पाणी पितात अशा तलावात हा उपाय करता येत नाही, व करूही नये.

शिवाय मरळ ही नष्ट करण्याजोगी वस्तू नव्हे. तिच्या मांसात बारीक काटे फार थोडे असतात, आजारातून उठलेल्या माणसास ती आवर्जून दिली जाते, आणि जिवंत मरळीस बाजारात रोहू-कटल्यापेक्षा चांगला भाव येतो. बोटुकल्यांचे अन्न खाणाऱ्या किरकोळ माशांची संख्याही ती आटोक्यात ठेवते. तेव्हा मोठ्या तलावात तिची संख्या मर्यादित ठेवणे, मोठ्या मरळी पकडून विकणे आणि बोटुकली 10 सेंटिमीटरपर्यंत वाढवून मगच सोडणे, हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. मोठ्या मरळी निवडून पकडण्यास गळासारखे दुसरे साधन नाही.

या बाबतीत अमेरिकेतील एका माशाचे उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. तेथील सरोवरांत व शेततळ्यांत बास नावाचा भक्षक मासा असतो. त्याची मोठ्या तोंडाची जात मरळीप्रमाणेच वनस्पतींच्या व बुडालेल्या लाकडांच्या आडोशास दबा धरून बसते, आणि तिचा नरही घरट्यावर पहारा करतो. अलाबामा राज्यात ऑबर्न येथे होमर स्विंगल यांनी 1930 नंतरच्या दशकात शेततळ्यांवर प्रयोग सुरू करून, हा भक्षक मासा व त्याचे भक्ष्य असलेला ब्लूगिल मासा यांचे प्रमाण योग्य राखल्यास दोहोंचे उत्पादन मिळत राहते, असे दाखविले. बासच्या गळाबाबत तेथील लोकांचा अनुभव असा की, थंड पाण्यात, किंवा वारंवार गळ पडून मासे सावध झालेल्या पाण्यात, मोठे व वेगाने ओढलेले आमिष व्यर्थ जाते. अशा वेळी लहान आमिष, बारीक दोर आणि अतिशय संथ हालचाल यांचा उपयोग होतो. 1949 मध्ये ओहायो राज्यातील ॲक्रन येथे निक क्रीम यांनी मऊ प्लास्टिकचे गांडूळ तयार केले. ते तळाशी सोडून जवळजवळ हलवायचेच नाही, ही रीत तेथे पुढे फार रूढ झाली.

आपल्याकडील जाणत्या ढीवर बांधवांना यातील मर्म नवीन वाटणार नाही. तथापि अमेरिकेची रीत जशीच्या तशी उचलणे इष्ट नाही. बारीक दोर मोकळ्या सरोवरात चालतो. आपल्या तलावांतील कमळाच्या देठांत व शेवाळात मरळीने दोन वेढे घेतले की तो तुटतो, आणि तोंडात गळ अडकलेला मासा वाया जातो. म्हणून संथपणा घ्यावा, बारीक दोर घेऊ नये.

साहित्य व आमिष

तीन ते चार मीटर लांबीची, शेंड्याकडे लवचिक परंतु बुडाशी भक्कम अशी बांबूची काठी, तिच्याच लांबीचा जाड तंगूस आणि एक मजबूत गळ एवढे साहित्य पुरते. शिसे शक्यतो लावू नये. लावलेच तर हरभऱ्याच्या दाण्याहून मोठे नसावे, कारण जड आमिष पाण्यात आपटते व धाडकन तळाला जाते. तरंग्याची गरज नाही. दोराकडे पाहण्याची सवय झाली की तोच सर्व काही सांगतो.

आमिष म्हणून मोठी गांडुळे, कोळंबी किंवा त्याच तलावातील लहान मासा वापरावा. पूर्वीपासून मरळीसाठी जिवंत बेडूक लावण्याची चाल आहे. ती सोडून द्यावी असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. बेडूक धानाच्या बांधीतील किडी खाऊन शेतकऱ्याचे काम करतो. त्यांच्या संहारामुळेच बेडकांच्या पायांची निर्यात भारत सरकारने 1987 मध्ये बंद केली. रबराचा पोकळ बेडूक बाजारात मिळतो आणि मरळ त्यावरही तितक्याच आवेशाने येते.

गळ टाकण्याची रीत

प्रथम पाहावे, मग टाकावे. मरळीस कल्ल्यांव्यतिरिक्त डोक्यात हवेची एक पोकळी असते, व ठराविक वेळाने पृष्ठभागावर येऊन हवा घेतल्याखेरीज ती जगू शकत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी वारा पडला असता पाळीवर अर्धा तास स्वस्थ बसले, तर कोठे पाणी उसळले, कोठे बुडबुडे फुटले, हे दिसून येते. एकाच जागी पुन्हा उसळी दिसली, तर मरळीचे ठाणे सापडले असे समजावे. पाळीवरून धपधप पावले टाकीत जाऊ नये आणि आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये. जमिनीचा हादरा पाण्यात लवकर पोहोचतो.

वनस्पतींमध्ये जेथे टोपलीएवढी जरी मोकळी जागा असेल, तेथे काठी पुढे करून आमिष अलगद, आवाज न करता पाण्यात उतरवावे. ते आपोआप बुडू द्यावे. नंतर काही वेळ मुळीच हलवू नये. नवशिका मनुष्य येथेच चुकतो. त्याला वाटते की हालचाल नाही म्हणजे मासा येणार नाही. वास्तविक मरळ आमिषाकडे आधीच पाहत असते, आणि ते घाईने दूर गेले तर ती आपली जागा सोडून त्याच्या मागे येत नाही. मनात वीस-पंचवीस अंक मोजावेत, काठीचे टोक वीतभर उचलावे, आमिष पुन्हा खाली जाऊ द्यावे आणि पुन्हा थांबावे. असे पाच-सहा वेळा करूनही काही घडले नाही, तर काठी हळूच उचलून पुढच्या मोकळ्या जागेकडे जावे. पौष-माघातील थंडीत मरळ सुस्त होऊन खोल पाण्यात तळाशी असते. तेव्हा हे थांबणे दुप्पट करावे व आमिष तळापासून फार उचलू नये.

मरळीने आमिष घेतल्यावर पुष्कळदा हिसका बसतच नाही. दोर हळूहळू एका बाजूस सरकू लागतो किंवा एकाएकी ढिला पडतो. त्या क्षणी काठी उपसू नये. दोन-तीन अंक मोजून मरळीस वळू द्यावे व मग काठी सरळ वर, एकाच जोराने उचलावी. तिचा जबडा कठीण असतो, म्हणून अर्धवट ओढ उपयोगाची नाही. मात्र फार वेळही थांबू नये, कारण मग गळ पोटात जातो आणि लहान मरळ परत सोडावयाची झाल्यास ती जगत नाही. एकदा गळ बसला की तिला शेवाळात शिरण्यास अवसर न देता थेट हातजाळीत घ्यावे. बास माशाचे दात कानशीसारखे बारीक असल्याने अमेरिकेतील लोक त्याच्या खालच्या ओठात अंगठा घालून त्याला उचलतात. मरळीच्या बाबतीत तसे केल्यास अंगठा फाटेल. ओल्या गोणपाटाने तिला धरावे.

रात्रभर गळ लावून घरी निघून जाण्याची पद्धत आम्हास मान्य नाही. गळास अडकलेल्या मरळीस हवेसाठी वर येता आले नाही तर ती पाण्यातच गुदमरून मरते, व सकाळपर्यंत तिचे मांस उतरते. शिवाय अशा गळांना कासवे लागतात, आणि त्यांना वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे.

हंगाम

फाल्गुनापासून ज्येष्ठाच्या आरंभापर्यंत, म्हणजे साधारणतः मार्च ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पाणी आटत जाते व मरळी उरलेल्या डोहांत एकवटतात. पावसाळ्यात नवीन बोटुकली येण्यापूर्वी मोठ्या मरळी काढण्याचा हाच काळ आहे. पहिला चांगला पाऊस पडताच गळ आवरावा. त्या दिवसांत मरळीची जोडी काठच्या वनस्पतींत जागा साफ करून अंडी घालते. ती पिवळसर असून पाण्यावर तरंगतात, आणि एक-दोन दिवसांत त्यांतून पिले बाहेर पडतात. पुढे काही आठवडे नारिंगी-लालसर पिलांचा घोळका एकदम वर येऊन हवा घेताना दिसतो. त्याच्या खाली आई-बाप असतातच. पिलांजवळ काहीही पडले तरी ते त्यावर तुटून पडतात. त्यामुळे या वेळी त्यांना पकडण्यास कौशल्य लागत नाही, आणि काही ठिकाणी हेच शौर्य समजले जाते. पालक गेले की शेकडो पिले इतर माशांच्या व पक्ष्यांच्या तोंडी जातात. ज्या संगोपन तळ्यात मरळ नकोच आहे, तेथे घोळका दिसताच पिलांसह जोडी काढावी; परंतु मोठ्या तलावात पुढील वर्षांची मरळ याच घोळक्यातून यावयाची आहे, हे ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी गावकऱ्यांस समजावून द्यावे. ज्या सहकारी संस्थेकडे तलावाचा ठेका असेल तिच्या संमतीनेच गळ टाकावा, हेही त्याच वेळी स्पष्ट करावे.

पकडलेली मरळ जिवंत विकावयाची असते. रुंद तोंडाच्या भांड्यात तिची पाठ जेमतेम बुडेल एवढेच पाणी घेऊन त्यावर जाळीचे झाकण घट्ट बांधावे, कारण ती उडी मारून बाहेर पडते व ओल्या गवतातून बरीच दूर सरपटत जाते. भांडे काठोकाठ भरून त्यावर घट्ट झाकण ठेवले, तर पाणी कितीही स्वच्छ असले तरी हवा न मिळाल्यामुळे बाजारात पोहोचेपर्यंत मरळी मेलेल्या आढळतील.