लिही चाळीस!

जनगणनेचा प्रगणक दारात येऊन वय विचारतो तेव्हा आजी म्हणते, "लिही साठ." शेजारची मावशी म्हणते, "असेल चाळीसच्या आसपास," आणि कागदावर ४० उमटतं. देशभर हेच चालतं. म्हणून भारताच्या जनगणनेतली वयं एकेक वर्षानं मांडली, तर आलेखात ३०, ३५, ४० या आकड्यांवर सुळके दिसतात आणि ३१, ४१ वर खड्डे. त्या त्या वर्षी पाळणे जास्त हलले असं नव्हे; आपल्याला गोल आकडा बरा वाटतो. ही ओढ मोजायला व्हिपल निर्देशांक आहे. तो २३ ते ६२ ही वयं धरतो. गोल आकड्यांची ओढ नसेल तर १००. सगळ्यांनीच शेवटी ० किंवा ५ येणारं वय सांगितलं तर ५००.

'वर्ग जितके बारीक, तितकं चित्र खरं' हा समज इथेच ढासळतो. बारीक सारणी इथे वय कमी आणि सवय जास्त दाखवते. ३०–३४, ३५–३९ असे वर्ग पाडले की ती गर्दी बरीचशी वर्गाच्या पोटात जिरते. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. ३०–३४ मध्ये १२० माणसं, एवढंच उरतं; त्यात नेमकी ३० वर्षांची किती, हे सारणीतून परत काढता येत नाही. मध्य काढताना आपण सगळ्यांना वर्गमध्यावर नेऊन बसवतो, म्हणून तो मध्य अंदाजाचाच.

आता शाळेतला लाडका नियम: वर्ग अखंड करायचे, तर खालून ०.५ वजा करा, वर ०.५ मिळवा. म्हणजे २९.५–३४.५. जवळच्या पूर्ण किलोत मोजलेल्या वजनांना हे शोभतं. वयाला नाही. कारण वय पूर्ण झालेल्या वर्षांत लिहितात. चौतिसावा वाढदिवस होऊन अकरा महिने झालेला माणूसही ३४ चाच. तेव्हा ३०–३४ हा वर्ग खरं तर ३० पासून ३५ च्या उंबरठ्यापर्यंत, आणि वर्गमध्य ३२.५. नियम डोळे मिटून लावला की तो ३२ येतो आणि प्रत्येक वर्गात सगळे अर्ध्या वर्षानं तरुण होतात. गणिताच्या वहीत यावर लाल शेरा पडलेला मी तरी पाहिलेला नाही.

आयतालेख म्हणजे 'फटी बुजवलेला स्तंभालेख' असंही पुष्कळांना वाटतं. स्तंभालेखात उंची पाहायची, आयतालेखात क्षेत्रफळ. समजा ५५–५९ मध्ये ३० जण आहेत आणि ६०–७९ अशा एकाच वर्गात ८०. उंची सरळ ८० घेतली, तर गाव म्हाताऱ्यांनीच भरलंय असं वाटेल. पण हा वर्ग चौपट रुंद आहे. पाच वर्षांमागे माणसं येतात २०, आणि उंची तीच हवी. '८० व अधिक' या वर्गाला तर वरची हद्दच नाही. ती कुठे धरली हे आलेखाखाली लिहायला हवं.

अक्ष शून्यापासूनच हवा का? स्तंभांना हवाच. निकालाच्या फलकावर ९२ आणि ९४ टक्क्यांचे स्तंभ ९० पासून काढले, की दुसरा दुप्पट उंच दिसतो. रेषालेखाला ही सक्ती नाही. तापाचा तक्ता शून्य फॅरनहाइटपासून आखून पाहा: ९८ वरून १०३ वर गेलेली रेघ जवळजवळ आडवी दिसेल, आणि पेशंट ठणठणीत!