बेडकाची तंगडी आणि बटणाएवढा सेल

दिवे गेले की कपाटातला जुना टॉर्च आठवतो. बटण दाबावे, तर उजेड नाही. झाकण फिरवून पाहावे, तर सेलना चिकट पाणी सुटलेले. 'सेल सडले' म्हणून आपण ते टाकून देतो. पण सडले म्हणजे नेमके काय झाले? मुळात सेलमध्ये वीज भरून ठेवलेली असते का?

याचे उत्तर इटलीतल्या एका जुन्या वादात आहे. बोलोन्याचे शरीरशास्त्रज्ञ लुइजी गॅल्व्हानी यांनी मेलेल्या बेडकाच्या तंगडीला दोन वेगळे धातू जोडून लावले, तेव्हा ती ताडकन उडाली. ही प्राण्याच्या अंगातली वीज, असे त्यांनी १७९१ मध्ये मांडले. पाव्हियाच्या अलेस्सांद्रो व्होल्टांना ते पटेना. त्यांनी बेडूकच वगळला. जस्ताच्या आणि चांदीच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी चळत रचली. १८०० साली जगाला सतत वाहणारी वीज मिळाली. मात्र नुसत्या धातूंच्या स्पर्शाने वीज निर्माण होते, हा व्होल्टांचा समज अपुरा होता. खरे काम रासायनिक क्रियेचे. आणि बेडकाची ओली तंगडी तिथे त्या भिजल्या पुठ्ठ्याचेच काम करत होती.

टॉर्चच्या साध्या सेलमध्ये आजही तेच चालते. बाहेरचा डबा जस्ताचा, मधोमध कार्बनची कांडी, तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइडची काळी भुकटी आणि क्षारांचा ओलसर लगदा. जस्ताचा अणू झिजताना दोन इलेक्ट्रॉन सोडतो. काळी भुकटी ते घ्यायला टपलेली असते. दोघांना थेट भिडू दिले, तर व्यवहार जागच्या जागी उरकेल आणि फक्त उष्णता निघेल. सेलची युक्ती अशी, की इलेक्ट्रॉनांना आतून वाट नाही. त्यांना बल्बमधून वळसा घालूनच जावे लागते. आतल्या लगद्यातून सरकतात ते आयन, म्हणजे विद्युत्भारित कण. या ओढीचे माप सुमारे दीड व्होल्ट. थोडक्यात, सेलमध्ये वीज साठवलेली नसते; जस्त झिजते म्हणून दिवा जळतो. झिजता झिजता डब्याला भोके पडतात आणि लगदा बाहेर येतो. हेच ते 'सडणे'.

बेडकाची गोष्ट इथे संपत नाही. रिमोट, खेळणी, वजनकाटे यांत चपटे, बटणासारखे लिथियम सेल असतात, तीन व्होल्टचे. लहान मुलाने असा सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर तिथली ओली त्वचा बेडकाच्या तंगडीसारखीच मंडल पूर्ण करते. सेलच्या ऋण बाजूला पाण्याचे विघटन होऊन कॉस्टिक सोड्यासारखा दाहक अल्कली तयार होतो. दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. घड्याळ चालवण्याइतकी ताकद न उरलेला सेलही हे करू शकतो.

तेव्हा अशा वस्तूंचे झाकण स्क्रूने घट्ट बसवलेले असावे. काढलेला सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली, तरी उलटी करवू नये. क्ष-किरण तपासणीची सोय असलेले रुग्णालय ताबडतोब गाठावे. सकाळची वाट पाहू नये.