कॉफीचे जुने जाते

चेन्नईत मैलापूर किंवा मांबळम या वस्त्यांतून सकाळी फिरताना भाजलेल्या कॉफीचा वास आपणांस वाट दाखवीत जातो. येथील गृहस्थ ‘प्लँटेशन ए’ आणि ‘पीबेरी’ यांचे प्रमाण सांगतो, चिकोरी किती हवी ते बजावतो आणि दुकानदार त्याच्या डोळ्यांदेखत बिया दळून देतो. पितळी किंवा पोलादी गाळणीत पाणी आपल्याच भाराने दहापंधरा मिनिटे झिरपते आणि ‘डिकॉक्शन’ तयार होते. या संथ रीतीत दळणातील लहानसहान दोष खपून जातात. ज्यांच्या घरी हीच कॉफी होते, त्यांनी दळणयंत्राच्या फंदात पडण्याचे कारण नाही. आठवड्याला पुरेल एवढी ताजी पूड आणावी, हे उत्तम.

एस्प्रेसोची गोष्ट मात्र निराळी. आपल्या महाराष्ट्रात लग्नसमारंभांत वाफेचा फुत्कार करीत जी फेसाळ दुधाची कॉफी मिळे, तिलाही आपण एस्प्रेसोच म्हणत आलो. परंतु इटलीतील मूळ एस्प्रेसो ती नव्हे. तेथे वातावरणाच्या सुमारे नऊ पट दाबाने गरम पाणी पुडीतून लोटले जाते. साधारण अठरा ग्रॅम पुडीतून पंचवीस ते तीस सेकंदांत छत्तीस ग्रॅमच्या आसपास द्रव उतरावा, अशी सर्वमान्य रीत आहे. पूड जाड पडली तर पाणी धावत सुटते आणि कॉफी आंबट, पाणचट होते. फार बारीक पडली तर पाणी अडते आणि कडवटपणा येतो. कणांत सारखेपणा नसेल तर पाणी वाट फुटेल तिकडून निसटते. स्वयंपाकघरातील मिक्सर बिया दळीत नाही, तो त्या फोडतो. त्यामुळे धूळ आणि कणी दोन्ही एकत्र पडतात. म्हणून एस्प्रेसो हवी असेल तर दळणयंत्र हवेच.

अशी नवी यंत्रे महाग असतात. इकडे जुन्या बाजारात मात्र कॉफीगृहांतून निघालेली यंत्रे दिसू लागली आहेत. याला थोडा इतिहास आहे. 1942च्या कायद्यानंतर मळेवाल्यांना आपली कॉफी मंडळाच्या सामाईक साठ्यात द्यावी लागे. हे बंधन टप्प्याटप्प्याने सुटत 1996 साली पूर्ण गेले आणि त्याच वर्षी बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर नव्या धर्तीच्या कॉफीगृहांच्या एका मोठ्या मालिकेचा आरंभ झाला. पुढे शहरोशहरी अशी दुकाने निघाली. 2020च्या महासाथीत त्यांतील पुष्कळ मिटली आणि त्यांचे सामान विक्रीस आले. पंधरा किलो वजनाचे, पोलादी हाडाचे इटालियन यंत्र नव्या घरगुती यंत्राहून स्वस्त मिळते, तेव्हा मोह होणे साहजिक आहे. प्रश्न एवढाच, की घरखर्चातून जमवलेला पैसा यंत्रात जाईल की भंगारात?

याचे उत्तर आपल्या आजीच्या जात्यात आहे. जात्याला दोन तळ्या, तशा या यंत्रात दोन चकत्या असतात. एक स्थिर, एक फिरती. दुकानी यंत्रांत 64 मिलिमीटर व्यासाच्या चपट्या चकत्या नेहमी आढळतात. जाते गुळगुळीत झाले की त्याला टाकी लावून घ्यावी लागे. तद्वत चकत्यांची धार गेली की त्या बदलाव्या लागतात. बोथट चकती बी कापीत नाही, घासते. पूड तापते आणि तिचा स्वाद उडतो. म्हणून वीज तोडून वरची चकती उघडण्यास विक्रेत्यास सांगावे. धारेवरून नख हलकेच फिरवावे; ते अडले पाहिजे. खाच किंवा तांबेरा दिसला, तर नव्या चकत्यांची किंमत आधी विचारून मगच सौदा करावा. बोथट चकती हा सहज दुरुस्त होणारा दोष आहे.

सहज दुरुस्त न होणारे दोष निराळे. फिरता दांडा हाताने हलवून पाहावा. तो डुलत असेल तर त्याचे बेअरिंग झिजलेले आहे. मग चकत्या अगदी जवळ आणून हाताने फिरवाव्या. चहूबाजूंनी सारखाच घासल्याचा आवाज आला तर ठीक; एकाच बाजूस आला तर तळ्या समांतर नाहीत. जाड-बारीक करण्याच्या कड्याचे आटे जुन्या पुडीने जाम होऊन खराब झालेले असतील, तर असे यंत्र घेऊच नये.

मोटारीवरील पाटी वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ आणि एक फेज असे तीवर असावे. कित्येक दुकानी यंत्रे तीन फेजची असतात. ती घरच्या साध्या प्लगवर चालत नाहीत. मोटार नुसती गुणगुणत राहिली आणि फिरली नाही, तर पुष्कळदा दोष कपॅसिटरचा असतो आणि तो भाग स्वस्त असतो. अर्थिंगची तार मात्र जाणत्या कारागिराकडून तपासूनच घ्यावी. यंत्राचे अंग धातूचे आहे, हे विसरू नये.

येथील बाजारात आणखी एक घोटाळा संभवतो. भट्टीवाल्या दुकानातील मोठी चक्कीही ‘व्यापारी यंत्र’ म्हणूनच विकली जाते. ती गाळणीच्या कॉफीसाठी बसवलेली असते आणि बहुधा चिकोरीही तीतूनच गेलेली असते. एस्प्रेसोला लागणारी सूक्ष्म बांधणी तिला जमेलच असे नाही. म्हणून स्वतःच्या बिया बरोबर न्याव्या, वीस ग्रॅम दळून घ्याव्या आणि पूड चिमटीत चोळून पाहावी. बारीक मिठाहून किंचित बारीक आणि सारखी लागली पाहिजे.

दुकानात यंत्र दिवसभर चालते, म्हणून आत अडकलेली काही ग्रॅम पूड शिळी होत नाही. घरी दोनच पेले होतात. सकाळचा पहिला पेला कालच्या पुडीचा होऊ नये म्हणून थोड्या बिया आधी दळून टाकाव्या लागतात. जात्याला घास घालतात तशा मोजक्या बिया घालाव्या. समुद्राकाठच्या दमट हवेत पोलादावर तांबेरा लवकर चढतो. यंत्र कोरड्या कुंचल्याने झाडावे, पाण्याने धुऊ नये.

शेवटी हिशेब. विक्रेत्याची किंमत, नव्या चकत्या, कपॅसिटर आणि कारागिराची मजुरी यांची बेरीज मांडावी. ती नव्या घरगुती यंत्राच्या दोन-तृतीयांशाच्या आत राहिली तर जुने घ्यावे. तेवढा फरक धोक्याची भरपाई म्हणून हवा. बेरीज पुढे गेली तर कोपऱ्यावरच्या भट्टीवाल्याकडे जावे आणि गाळणीची कॉफी प्यावी. तीही काही कमी प्रतीची नाही.